ऋतुनिवृत्तिसदृश लक्षणे (उत्तरवयातील)

पाळी कायमची थांबून दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक वर्षे लोटल्यावर स्त्रीच्या अंगातून उष्ण झळा येणे, रात्री दरदरून घाम फुटणे, छातीत धडधडणे, झोपमोड होणे, योनिमार्ग कोरडा पडणे अशा तक्रारींना मिळून ही संज्ञा वापरतात. बोलीत ‘वाफा येतात’, ‘अंगाचा भडका होतो’ असे म्हटले जाते. सलग १२ महिने पाळी आली नाही की ऋतुनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरी ४६–४७ व्या वर्षी, तर युरोप-अमेरिकेत ५१ व्या वर्षाच्या आसपास होते. सुश्रुतसंहितेने रजःक्षयाचे वय ५० दिले आहे. ‘सदृश’ हे पद येथे मुद्दाम योजले आहे. साठी-पासष्टीनंतरच्या अशा तक्रारींपैकी काही ऋतुनिवृत्तीचेच लांबलेले शेपूट असतात. काहींचे मूळ मात्र दुसऱ्याच रोगात किंवा रोजच्या गोळ्यांत असते.

झळेचे स्वरूप : झळ बहुधा छातीत किंवा मानेशी सुरू होऊन चेहऱ्याकडे चढते आणि एक ते पाच मिनिटांत ओसरते. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, बोटे गरम लागतात, मागोमाग घाम येतो. घामाने आतले तापमान किंचित उतरते. म्हणून मध्यरात्री उठून पंखा वाढवणारी, पाठीला चिकटलेले पोलके सोडवणारी बाई थोड्याच वेळात कुडकुडत पांघरूण ओढून घेते. घरच्यांना हा लहरीपणा वाटतो. वास्तविक तो एकाच झळेचा दुसरा अर्धा भाग असतो.

कारणमीमांसा : शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असते. घाम फुटण्याचे तापमान आणि थंडीने कापरे भरण्याचे तापमान यांच्यामध्ये एक निवांत पट्टा असतो. इस्ट्रोजेन घटल्यावर, विशेषतः झळा येणाऱ्या स्त्रियांत, हा पट्टा अरुंद होतो, असे अमेरिकी संशोधक रॉबर्ट फ्रीडमन यांनी दाखवले. मग गरम चहाचा पेला किंवा जाड गोधडी एवढेही निमित्त पुरते. अ‍ॅरिझोना विद्यापीठातील नेओमी रान्स यांना ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या हायपोथॅलॅमसमधील काही चेतापेशी फुगलेल्या आढळल्या होत्या. या पेशी किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन ही तीन रसायने स्रवतात. इस्ट्रोजेनचा लगाम सुटला की त्या अनावर होतात आणि तापमानकेंद्राला खोटा इशारा देतात. काहींच्या बाबतीत हे पाच वर्षांत निवते आणि काहींच्या बाबतीत पंचवीस वर्षांतही का निवत नाही, हे अद्याप नीट उलगडलेले नाही.

कालावधी : झळा दोन-तीन वर्षांत थांबतात हा समज जुना आहे आणि वैद्यकातही तो बराच काळ टिकला. अमेरिकेतील ‘स्वॉन’ या बहुवांशिक पाहणीच्या २०१५ मधील निष्कर्षांत वारंवार येणाऱ्या झळांचा मध्यक कालावधी ७.४ वर्षे निघाला. आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांत तो १०.१ वर्षे होता. उत्तरवयाविषयीची जुनी आकडेवारी प्रामुख्याने स्वीडनची आहे. गोथेनबर्ग शहरातील स्त्रियांची १९६८ पासून पुन्हा पुन्हा तपासणी होत गेली. त्यांत ५४ व्या वर्षी सुमारे ६० टक्के स्त्रियांना झळा येत होत्या आणि ७२ व्या वर्षीही सुमारे ९ टक्क्यांना येत होत्या. लिंकपिंग येथील ८५ वर्षांच्या स्त्रियांतही अशी तक्रार करणाऱ्या काही जणी आढळल्या.

अन्य कारणे : मधली काही वर्षे काहीही त्रास नसून साठीनंतर झळा नव्याने सुरू झाल्या, तर ऋतुनिवृत्तीचा विचार सर्वांत शेवटी करणे इष्ट. प्रथम गोळ्यांची पिशवी उलटी करून पाहावी. रक्तदाबासाठीच्या अ‍ॅम्लोडिपीनने चेहरा तापतो. नैराश्यावरील काही औषधांनी घाम वाढतो. स्तनकर्करोगानंतर दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल या गोळ्यांनी हुबेहूब झळा येतात. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी एकादशीच्या उपासालाही नेहमीप्रमाणे घेतली, की रात्री थंड घाम, थरथर आणि धडधड होते. ही झळ नव्हे. रक्तातील साखर ७० च्या खाली उतरल्याची ती खूण असू शकते आणि ग्लुकोमीटरने ती मिनिटभरात कळते. अवटू ग्रंथीचा अतिस्राव उतारवयात गलगंडाशिवाय, केवळ धडधड आणि वजनघटीच्या रूपानेही येतो. रात्रीचा घाम, संध्याकाळचा बारीक ताप आणि रोडावणे ही त्रयी दिसल्यास भारतात क्षयाची तपासणी टाळता येत नाही; लसीकापेशींचा कर्करोगही अशाच वेशात येतो. वृद्ध स्त्रियांत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता नुसत्या घामाने आणि दम लागण्याने प्रकट होऊ शकतो.

शस्त्रक्रियेनंतरची ऋतुनिवृत्ती : बीजकोश काढल्यास इस्ट्रोजेन एकाएकी घटते आणि झळा तीव्र असतात. ते राखून केवळ गर्भाशय काढले तरी बीजकोशांचे कार्य काहीसे लवकर मंदावते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती, त्यांत कित्येक तरुण वयाच्या. ‘पिशवी काढली’ एवढेच ठाऊक असते. बीजकोश राहिले की गेले हे कागद हाती असल्याखेरीज सांगता येत नाही. अशा स्त्रीचे ‘निवृत्तीनंतरचे वर्ष’ वयावरून मोजणे फसवे ठरते.

उपचार : सुती कपडे आणि मोकळी हवा यांनी सौम्य त्रास सुसह्य होतो. इस्ट्रोजेन सर्वांत परिणामकारक असले, तरी साठीनंतर किंवा पाळी जाऊन दहा वर्षे उलटल्यावर ते नव्याने सुरू करणे सहसा टाळतात. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीतील इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग स्तनकर्करोगाच्या वाढलेल्या धोक्यामुळे २००२ मध्ये थांबवला गेला. त्या १६,६०८ स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. त्यांचे निष्कर्ष पन्नाशीच्या स्त्रियांना सरसकट लावले गेले, ही चूक पुढे मान्य झाली. मात्र प्रस्तुत नोंदीतील वयोगटाला ते थेट लागू पडतात. न्यूरोकायनिनचा मार्ग रोखणाऱ्या फेझोलिनेटंटला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते घेताना यकृताच्या चाचण्या कराव्या लागतात. आयुर्वेदात शतावरी दिली जाते.

योनी व मूत्रमार्ग : झळा ओसरतात, कोरडेपणा मात्र वयाबरोबर वाढतो. लघवीला जळजळ, वारंवार जंतुसंसर्ग, समागमात वेदना ही त्याची रूपे. २०१४ पासून यांस एकत्रित लक्षणसमूहाचे नाव आहे. योनिमार्गात लावण्याचे इस्ट्रिऑलचे मलम रक्तात फारसे उतरत नसल्याने सत्तरीतही वापरता येते. वर्षभर पाळी बंद राहिल्यानंतर अंगावरून रक्ताचा एक डाग जरी गेला, तरी तो या लक्षणांत मोडत नाही; सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी ४ मिमी.हून अधिक दिसल्यास अस्तराचा तुकडा तपासणीसाठी घेतात.