लोहाची गोळी आणि न मोजलेले मूल

जुन्या चांदा जिल्ह्याच्या इतिहासात लोखंडाला मोठे स्थान आहे. रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने १८८२ मध्ये या जिल्ह्यातील लोहखनिजावर अहवाल लिहिला. लोहाऱ्याचे खनिज आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा, असा तो विचार होता. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या तो वाचनात आला आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. पुढे त्यांच्या माणसांनी चांद्याच्या जंगलात शोध घेतला, पण हिशेब जमला नाही आणि कारखाना साकचीला गेला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. आज सुरजागडच्या डोंगरातून खनिजाचे ट्रक जाताना दिसतात.

‘जमिनीत लोखंड आणि माणसांच्या रक्तात मात्र नाही’ हे वाक्य आपल्या भागातल्या भाषणांत हमखास ऐकू येते. ते ऐकायला बरे वाटते, पण त्यात एक चूक दडलेली आहे. रक्त कमी म्हणजे लोह कमी, असे त्यात आपण गृहीत धरतो. गेल्या ५० वर्षांतील सरकारी कार्यक्रमही बव्हंशी याच गृहीतकावर चालला. ते पुष्कळ जणांच्या बाबतीत खरे आहे. ज्यांच्या बाबतीत ते अपुरे पडते, अशी मुले आपल्या दोन जिल्ह्यांत आहेत. त्यांतल्या सिकलसेलच्या मुलांविषयी थोडेफार लिहिले जाते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांविषयी जवळपास काहीच नाही. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मुंबईचा धडा

या विषयातला पहिला मोठा धडा महाराष्ट्रातच मिळाला. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात जीवघेणा रक्तक्षय होत असे. त्याचे कारण तिला शोधायचे होते. हाफकिन संस्थेत तिने काम केले. या बायकांच्या रक्तपेशी लहान नव्हत्या, उलट नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोह कमी पडले की पेशी लहान आणि फिकट होतात. इथे तसे नव्हते, म्हणजे कारण वेगळे होते. तिने बायकांचा आहार तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टचा स्वस्त अर्क, बाजारात मिळणारे ‘मार्माइट’, देऊन पाहिला. बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला.

विल्सबाईंच्या कामातून दोन गोष्टी हाती आल्या. एक म्हणजे फॉलिक ॲसिड. दुसरी म्हणजे ही समज, की रक्तक्षय हे लक्षण आहे, त्याची कारणे अनेक असतात आणि पेशीचा आकार त्या कारणाकडे बोट दाखवतो. पहिली गोष्ट आपण गोळीत घातली. दुसरी मात्र गावपातळीवर पोचलीच नाही.

एक गोळी, सर्वांना

१९७० मध्ये केंद्र सरकारने पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. गरोदर बाईच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, तर लहान मुलाच्या गोळीत २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असे. १९९१ मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलले आणि बायकांच्या गोळीतले लोह १०० मिलिग्रॅमवर गेले. २०१३ मध्ये ‘आयर्न प्लस’ आणि २०१८ मध्ये ‘ॲनिमिया मुक्त भारत’ आले. आज अंगणवाडीतल्या बाळाला ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर औषध, शाळेतल्या लहान मुलांना गुलाबी गोळी, किशोरवयीनांना निळी आणि बायकांना लाल, अशी व्यवस्था आहे.

ही व्यवस्था उभी करणाऱ्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. भामरागड किंवा जिवतीच्या एखाद्या टोल्यावर महिन्याचा साठा पोचवणे म्हणजे काय, हे पावसाळ्यात तिकडे गेलेल्यालाच कळते. तरीही आकडे पाहावे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांतील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५–१६ मध्ये ५३.८ टक्के होते. २०१९–२१ मध्ये ते ६८.९ टक्के झाले. गोळ्या पोटात न जाणे, जंत, सततचे आजार, भाताचा एकसुरी आहार, मोजण्याची पद्धत अशी अनेक कारणे त्यावर सांगितली जातात. त्यांत आणखी एक गोष्ट धरायला हवी. आपण मोजतो ते हिमोग्लोबिन. आरोग्यसेविका पूर्वी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहत असे. मग सालीची नळी आली, तीत रक्ताचा रंग काचेशी जुळवायचा. आता बोटाच्या थेंबावर यंत्र आकडा दाखवते. साधन सुधारले, पण या तिन्ही पद्धती रक्त किती कमी आहे एवढेच सांगतात. ते का कमी आहे, हे सांगत नाहीत.

गडचिरोलीतील गुंतागुंत

गोळीच्या गृहीतकाला आपल्या भागात पहिला धक्का दिला तो सिकलसेलने. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले. ‘सर्च’च्या सुरुवातीच्या पाहणीत हा जनुक आदिवासींत मोठ्या प्रमाणात असल्याचे त्यांनी दाखवले. लोकांना मात्र तो आपला पहिला प्रश्न वाटत नव्हता, हेही डॉ. बंग यांनी प्रांजळपणे सांगितले आहे.

सिकलसेलच्या आजारात रक्त कमी होते ते पेशी लवकर फुटल्यामुळे. फुटलेल्या पेशीतले लोह शरीरातच राहते. वारंवार रक्त चढवावे लागले तर प्रत्येक पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह आत जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. याचा अर्थ अशा मुलाला लोह कधीच कमी पडत नाही असाही नाही. निकृष्ट आहारामुळे तेही कमी पडू शकते. म्हणून आधी तपासावे लागते.

दुसरा धक्का हिवतापाने दिला. टांझानियातील पेम्बा या हिवतापग्रस्त बेटावर लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड देण्याची मोठी चाचणी झाली. सुनील सझावल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोह घेणाऱ्या मुलांत गंभीर आजार आणि मृत्यूचा धोका १२ टक्क्यांनी जास्त आढळला व चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. पण याच अभ्यासाच्या एका उपगटात, ज्या मुलांना खरोखर लोहाची कमतरता आणि रक्तक्षय होता, त्यांना लोहाचा फायदाच झाला. म्हणजे निर्णायक ठरले ते कोणाला द्यायचे हे. हिवतापाचे निदान आणि उपचार हाताशी असतील तरच अशा भागात लोह द्यावे, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने त्यानंतर घेतली. गडचिरोलीसाठी ही दूरची गोष्ट नाही.

मोठ्या पेशींचे मूल

आता डाउन सिंड्रोमकडे येऊ. १८६६ मध्ये इंग्लंडचे डॉक्टर जॉन लँगडन डाउन यांनी या मुलांचे वर्णन केले. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये कारण कळले. २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. साधारण हजार जन्मांमागे एक मूल असे जन्मते. जात, जमात, श्रीमंती यांचा त्यात भेद नाही. एटापल्लीतही ते जन्मते आणि पुण्यातही.

या मुलांपैकी अनेकांच्या तांबड्या पेशी मुळातच नेहमीपेक्षा मोठ्या असतात. तो आजार नव्हे, त्यांची ठेवणच तशी. लोह कमी पडले की पेशी लहान होऊ लागतात, पण मुळात मोठी असलेली पेशी लहान होत होत ‘नॉर्मल’च्या रकान्यात येऊन बसते. प्रयोगशाळेचा कागद सांगतो, सगळे ठीक आहे. ल्यूसी विल्सला ज्या खुणेने वाट दाखवली, तीच खूण इथे वाट चुकवते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ च्या मार्गदर्शिकेत याचा इशारा दिला आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत लोहाची तपासणी अधिक नेमकेपणाने मांडली. साठ्यातले लोह दाखवणारी फेरिटिनची तपासणी करावी. पण अंगात संसर्ग असेल तर फेरिटिन उगाच वाढलेले दिसते, म्हणून सोबत सूज दाखवणारी सीआरपी तपासणी करावी, असे त्यामागचे तर्कशास्त्र आहे.

आणखी एक अडचण हृदयाची. यांतील जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. त्यातले जे मूल निळे पडते, त्याचे हिमोग्लोबिन शरीर भरपाई म्हणून वाढवते. आकडा उत्तम आणि लोह अपुरे, असे तिथे होऊ शकते.

खाण्याचा प्रश्न याहून रोजचा. स्नायू सैल, ओठ-जिभेवर ताबा उशिरा, दात उशिरा. चावता येत नाही म्हणून आई पातळ पेज, दुधात कालवलेला भात यांवर मुलाला दोन-तीन वर्षे ठेवते. ते गिळते, रडत नाही, आईलाही हायसे वाटते. पण दुधात लोह नगण्य आणि भातात थोडेच. मुनग्याचा पाला, अंबाडी, लाखोळीची डाळ, अंडे, नदीचा मासा हे घरात शिजते आणि या मुलाच्या ताटापर्यंत येत नाही. यात आईचा दोष नाही. घट्ट वरण, मऊ शिजवून कुस्करलेली भाजी, अंड्याचा बलक, काटे काढलेला मासा, वर लिंबाचे दोन थेंब आणि जेवणासोबत चहा नाही, हे कोणीतरी तिला दाखवायला हवे असते.

सर्वांत मोठा अडसर मात्र आपल्या नजरेत आहे. साधे मूल मलूल झाले, खेळेनासे झाले, माती खाऊ लागले, रात्री पाय झाडू लागले, तर घरचे म्हणतात, याला काहीतरी झाले आहे. डाउन सिंड्रोमचे मूल तसे करू लागले की म्हणतात, ते तसेच आहे. थकवा, चिडचिड, मागे पडणे हे सगळे त्या एका नावाखाली जमा होते आणि बरे होण्याजोगा भाग तसाच राहून जातो. लोहाची कमतरता वाढत्या वयात बुद्धीच्या आणि चालण्या-बोलण्याच्या विकासाला मारक ठरते. ज्या मुलाला शिकायला आधीच जास्त कष्ट पडतात, त्याच्याकडून आपण आणखी काढून घेतो.

औषधाची खोटी आशा

इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डाउन सिंड्रोम जीवनसत्त्वांनी बरा करण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेत हेन्री टर्केल यांनी १९४० च्या दशकापासून जीवनसत्त्वे, खनिजे आणि इतर औषधांचे मिश्रण वापरले. १९८१ मध्ये रूथ हॅरेल यांच्या छोट्या अभ्यासाने बुद्ध्यंक वाढल्याचा दावा केला. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत तो टिकला नाही. ब्रिटनमधील बाळांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही अँटिऑक्सिडंट आणि फोलिनिक ॲसिडचा उपयोग दिसला नाही. म्हणून ‘बुद्धी वाढवणारे’ महागडे टॉनिक घेण्यासाठी शेत गहाण टाकू नये. लोह हे या आजाराचे औषध नाही. ते फक्त लोहाच्या कमतरतेचे औषध आहे, आणि कमतरता असेल तिथे ते स्वस्त व खात्रीचे आहे. जास्तीचे लोह घातक असते. शिवाय या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा अधिक असल्याने रक्त का कमी आहे हे न पाहता महिनोन्‌महिने गोळ्या देणेही बरोबर नाही.

दोन रकाने

६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्याच राज्यात, पालघरला झाला. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब असे चार भाग यात आहेत. डाउन सिंड्रोम पहिल्या भागात येतो, तीव्र रक्तक्षय दुसऱ्यात. एकाच कार्यक्रमात दोन्ही आहेत. पण पहिल्या रकान्यात खूण झालेल्या मुलाच्या दुसऱ्या रकान्याकडे वेगळ्या नजरेने पाहायचे असते, हे पथकाला शिकवावे लागेल.

त्यासाठी नवी योजना नको. डाउन सिंड्रोमची नोंद झालेल्या प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा जिल्हा रुग्णालयात संपूर्ण रक्ततपासणी, फेरिटिन आणि सीआरपी व्हावी. या मुलांना थायरॉइडची तपासणी लागतेच, ती त्याच वेळी, त्याच सुईत होईल. आपल्या भागात त्याला सिकलसेलची तपासणी जोडावी, कारण एकाच मुलात दोन्ही असू शकतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल आणि बौद्धिक दिव्यांगत्व दोन्ही आपल्या २१ प्रकारांत घेतले आहेत. कागदावर ती एकत्र आली आहेत, तपासणीच्या टेबलावर अजून यायची आहेत.

तोवर अंगणवाडी ताई आणि आशा ताईंना एक गोष्ट आजच करता येईल. अशा मुलाची आई ‘हा हल्ली खेळत नाही’ म्हणाली, तर ‘ते तसेच असते’ असे उत्तर देऊ नये. कधीपासून खेळत नाही, काय खातो, चावतो का, ताप येऊन गेला का, हे विचारावे आणि तिच्या हातात पुढच्या तपासणीची चिठ्ठी द्यावी.