क्रूझवरील धुण्याची अडचण

आठ-दहा दिवसांच्या क्रूझ सफरीत चौथ्या-पाचव्या दिवसापासून मळक्या कपड्यांचा प्रश्न प्रवाशांना भेडसावू लागतो. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाई यंत्रे नसतात. कपडे जहाजाच्या लाँड्रीत द्यावे लागतात आणि पैसे सहसा नगावर मोजावे लागतात. 'क्वीन मेरी २'वर यंत्रे विनामूल्य आहेत. मात्र जहाज बंदराला लागत नाही, त्या दिवशी तेथे गर्दी उसळते. केबिनमध्ये स्वतःची इस्त्री वापरण्यास बहुतेक कंपन्यांची मनाई असते.

हे नियम जाचक वाटले, तरी त्यांचे मुख्य कारण आगीचा धोका हे आहे. भर समुद्रात बाहेरून बंब येऊ शकत नाही. २७ जुलै १९९६ रोजी अलास्काजवळ 'युनिव्हर्स एक्सप्लोरर' जहाजाच्या मुख्य लाँड्रीत आग लागली. तिचा धूर कर्मचाऱ्यांच्या निवासात शिरला आणि पाच कर्मचारी मृत्युमुखी पडले. २० जुलै १९९८ रोजी मायामीजवळ 'एक्स्टसी' जहाजाच्या लाँड्रीत विनापरवाना वेल्डिंग सुरू होते. त्यामुळे हवा खेळवणाऱ्या नळ्यांत साचलेले कपड्यांचे तंतू पेटले आणि आग जहाजाच्या मागील भागापर्यंत पोहोचली.

त्यामुळे तिकीट काढतानाच लाँड्रीची सोय आणि दर विचारून घेणे श्रेयस्कर. इस्त्री न लागणारे, रात्रीतून वाळणारे कपडे सोबत असल्यास ही अडचण बरीच हलकी होते.