ध्वनितबकडीवरील नाव : मूळ मुद्रणाच्या सुरक्षित नामांकनाचा इतिहास

१

बोलींच्या अभ्यासात ध्वनिमुद्रण हे लिखित नमुन्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक महत्त्वाचे साधन मानले जाते. परंतु या साधनाचे मूल्य केवळ त्यात साठविलेल्या आवाजावर अवलंबून नसते. तो आवाज कोणाचा, कोठला व केव्हाचा, ही माहिती त्याच्याशी निगडित असली तरच त्यास पुराव्याचे स्थान प्राप्त होते. मराठी पोथ्यांच्या शेवटी लेखनिक आपले नाव, गाव, शक आणि तिथी पुष्पिकेत नोंदवीत असत. पुष्पिकेचे पान गळले तरी अक्षरवळण, कागद आणि शाई यांवरून पोथीच्या काळाचा काही तर्क बांधता येतो. नाव हरवलेल्या तबकडीच्या बाबतीत असा आधार फारच थोडा उरतो. बोलीचा नमुना ऐकू येतो, पण तो कोणत्या गावचा आणि बोलणाऱ्याचे वय, शिक्षण, जात वा व्यवसाय काय, हे सांगणारे कोणी राहत नाही.

म्हणून तबकडीवर नाव घालणे अपरिहार्य ठरते. तथापि, या नामांकनाच्या मुळाशी परस्परविरोधी अशा दोन गरजा आहेत. नाव ध्वनीपासून विलग होऊ नये, ही पहिली. आणि नावाने ध्वनीस इजा पोहोचवू नये, ही दुसरी. ज्या मूळ तबकडीवरून पुढील सर्व प्रती निघावयाच्या असतात तिच्या बाबतीत ही दुसरी गरज विशेष तीव्र होते, कारण तेथे झालेला दोष प्रत्येक प्रतीत उतरतो. निरनिराळ्या काळांतील तंत्रज्ञांनी या दोन गरजांचा मेळ कसा घातला, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

२

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला. त्याच्या पुढील रूपातील मेणाच्या नळकांड्याचा जवळजवळ सर्व पृष्ठभाग खाचांनी व्यापलेला असे; नाव लिहिण्यास सोयीस्कर अशी जागाच त्यावर नव्हती. नाव डबीवर लिहिले जाई, आणि डब्यांची अदलाबदल झाली की नावांचीही अदलाबदल होई. यावर योजलेला उपाय म्हणजे उद्घोषणा. मुद्रणाच्या आरंभी गीताचे व गायकाचे नाव मोठ्याने उच्चारले जाई. अशा रीतीने नाव ध्वनीतच मिसळल्याने ते विलग होण्याचा संभव राहिला नाही.

भारतात या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९०२ च्या अखेरीचे आहे. ग्रामोफोन कंपनीचा मुद्रणतज्ज्ञ फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान हिचे गायन मुद्रित केले. गायनाच्या शेवटी ती इंग्रजीत आपले नाव सांगते. हा कलावतीचा नखरा असल्याचे पुष्कळ श्रोत्यांना वाटत आले आहे. वस्तुतः त्यामागे कारखान्याची गरज होती. मूळ मुद्रणे जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात आणि तेथे प्रती निघत. तेथील कारागिरांस ना ती भाषा परिचित होती ना ते संगीत. तबकडीवर कोणते नाव छापावयाचे, हे त्यांना कळण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे तबकडीने स्वतःच ते सांगणे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना सुरू झाल्यावर ही निकड ओसरली. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र या उद्घोषणा म्हणजे अनपेक्षित ठेवा होय. गायनात न सापडणारा बोलण्याचा स्वर त्यांत सापडतो. पोथीतील पुष्पिकेचे स्थान येथे उच्चारित शब्दाने घेतले, असे म्हणता येईल.

३

एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट मिळविले आणि नळकांड्याच्या जागी सपाट तबकडी आणली. सपाट तबकडीचा एक गुण सहसा दुर्लक्षिला जातो : खाचांचे वर्तुळ मध्यापर्यंत नेता येत नाही, त्यामुळे मध्यभागी मोकळी जागा आपोआपच उरते. बर्लिनरच्या आरंभीच्या तबकड्यांवर नाव व क्रमांक याच जागेत कोरलेले असत. १९०० मध्ये एल्ड्रिज जॉन्सनने तेथे छापील कागदी चकती आणली. या चकतीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी : ती नंतर डिंकाने चिकटविली जात नसे. लाखेचा तापलेला गोळा दाबयंत्रात ठेवताना कागदी चकतीही त्याच्यासमवेत ठेवली जाई आणि उष्णता व दाब यांनी दोन्ही एकजीव होत. नाव हे तबकडीवर नंतर लादलेले ओझे नव्हते. ते तिच्यासमवेतच जन्मास येई.

प्रतीसाठी हा उपाय उत्तम होता. मूळ मुद्रणासाठी तो उपयोगाचा नव्हता, कारण मेणाच्या मूळ तबकडीवर कागद बसविणे शक्य नव्हते. तिच्यावरून विद्युत्‌लेपनाने धातूची उलटी प्रत, त्या प्रतीवरून सुलटी प्रत आणि तिच्यावरून दाबयंत्राचा साचा, अशी परंपरा चाले. या परंपरेत टिकून राहील असे नाव एकच : शेवटची खाच आणि मध्याची चकती यांमधील कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक. तो प्रत्येक पिढीत खाचांसमवेत उतरतो आणि खाचांना स्पर्शही करीत नाही. याप्रमाणे एकाच तबकडीला दोन नावे मिळाली : श्रोत्यासाठी चकतीवरचे आणि कारखान्यासाठी कोऱ्या पट्ट्यातले. चकतीवरील नाव कित्येकदा बदलले, चुकले, अथवा नव्या आवृत्तीत सजविले गेले. जुन्या तबकड्यांच्या सूचिकारांनी अखेर विश्वास ठेवला तो क्रमांकावर.

भाषाशास्त्रीय मुद्रणांचा इतिहासही या निरीक्षणास पुष्टी देतो. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या अनुषंगाने १९१३ ते १९२९ या काळात ९७ भाषा व बोलींची ग्रामोफोन मुद्रणे झाली. त्याच सुमारास, पहिल्या महायुद्धात, जर्मनीतील युद्धबंद्यांच्या छावण्यांत विल्हेल्म डोगेन याच्या पुढाकाराने १९१५ ते १९१८ मध्ये सुमारे १,६५० तबकड्या मुद्रित करण्यात आल्या. त्यांत भारतीय सैनिकांचे आवाज आहेत. तेथे प्रत्येक तबकडीस क्रमांक असे आणि त्या क्रमांकाशी जोडलेल्या स्वतंत्र व्यक्तिपत्रकात बोलणाऱ्याचे नाव, जन्मस्थान, शिक्षण, व्यवसाय व भाषा यांची नोंद असे. तबकडीवर कमीत कमी आणि नोंदपत्रात जास्तीत जास्त, हे तत्त्व येथे स्पष्टपणे आकारास आलेले दिसते. शंभर वर्षांनंतर हे आवाज पुन्हा ऐकताना अभ्यासकांस बोलणारी माणसे ओळखता आली, याचे श्रेय या पत्रकांना आहे.

४

१९३४ च्या सुमारास अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप दिलेल्या तबकड्या प्रचारात आल्या. मुद्रण होताच त्या वाजविता येत, म्हणून नभोवाणी केंद्रांना आणि क्षेत्रीय संशोधकांना त्या विशेष सोयीच्या ठरल्या. त्यांची प्रत निघत नसल्याने प्रत्येक तबकडी हीच मूळ तबकडी असे. येथे प्रथमच नाव ‘नंतर’ घालण्याची वेळ आली. मधल्या भागावर कागद चिकटविला जाई व त्यावर हाताने लिहिले जाई. नाव अजूनही ध्वनीच्या शेजारी, मध्यभागीच असल्याने ध्वनीस धोका पोहोचला नाही. धोका पोहोचला तो नावालाच, कारण जुना गोंद सुकून कागद सुटू लागले.

कोऱ्या पट्ट्यात कोरण्याच्या परंपरेतील एक उदाहरण मराठी वाचकास जवळचे वाटेल. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसमवेत अवकाशात पाठविलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, आणि ५५ भाषांतील अभिवादनांत मराठीचाही समावेश आहे. तबकडीच्या संयोजकांपैकी टिमोथी फेरिस याने खाचांच्या अखेरीच्या कोऱ्या जागेत सर्व विश्वांतील व सर्व काळांतील संगीतकारांना उद्देशून एक अर्पणवाक्य हाताने कोरविले. मंजूर आराखड्यात हे वाक्य नव्हते, म्हणून तपासणीत तबकडी नाकारली गेली. कार्ल सेगनने रदबदली केल्यानंतर ती स्वीकारण्यात आली. तबकडीच्या आवरणावर वाचनाच्या सूचना आकृतींनी कोरल्या असून, काळ कळावा म्हणून युरेनियम-२३८ चा लेप दिलेला आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४.५ अब्ज वर्षांचे असल्याने उरलेल्या अंशावरून प्रस्थानाचा काळ काढता येईल. नावाची आणि तिथीची एवढी काळजी क्वचितच कोणत्या तबकडीने अनुभवली असेल.

५

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि त्या दशकाच्या अखेरीस लेखनयोग्य सीडी-आर तयार झाली. या वेळी नामांकनाच्या इतिहासात एक मूलगामी बदल घडला, पण तो बहुतेकांच्या ध्यानात आला नाही. तोपर्यंत नाव आणि ध्वनी एकमेकांच्या शेजारी होते. आता नाव ध्वनीच्या डोक्यावर बसले.

सीडी-आरची रचना पाहता हे स्पष्ट होईल. १२० मिलिमीटर व्यासाच्या या चकतीची जाडी १.२ मिलिमीटर असते आणि ती जवळजवळ सर्वस्वी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते. लेसर किरण खालून या जाडीतून वर जातो. पॉलिकार्बोनेटच्या वरच्या अंगाला सेंद्रिय रंगद्रव्याचा थर, त्यावर सोन्याचा वा चांदीचा परावर्तक थर आणि त्यावर केवळ काही मायक्रोमीटर जाडीचे संरक्षक वार्निश असते. अर्थात, खालच्या चकचकीत बाजूस लोक जिवापाड जपतात, तिच्याखाली लेखनाला एक मिलिमीटरहून अधिक जाडीचे कवच आहे. आणि ज्या बाजूवर ते निःशंकपणे लिहितात, तेथे लेखणी व लेखन यांमध्ये केसाच्या जाडीहूनही पातळ पापुद्रा आहे. माहितीच्या वळणांतील अंतर १.६ मायक्रोमीटर असल्याने बॉलपेनच्या एका रेघेखाली शेकडो वळणे येतात.

यातून तीन प्रकारचे धोके उद्भवतात. पहिला दाबाचा : बॉलपेन, पेन्सिल वा अणकुचीदार लेखणी वार्निश दाबून परावर्तक थर विकृत करते. दुसरा द्रावकाचा : झायलीन किंवा टोल्युइन असलेल्या शाया वार्निशमध्ये मुरून खालच्या थरांवर परिणाम करतात; मद्यार्कयुक्त शाया त्या मानाने सौम्य, आणि पाण्यावर आधारित शाया सर्वांत निर्धोक मानल्या जातात. तिसरा धोका कागदी चिकटपट्टीचा. एकपट वेगाने सीडी मिनिटाला २०० ते ५०० फेरे घेते, परंतु ४८ पट वेगाच्या यंत्रात ही संख्या सुमारे १०,००० वर जाते. अशा वेळी किंचित एका बाजूस बसलेली चिकटपट्टी चकतीचा तोल बिघडविते. हवेतील ओलाव्याने कागद फुगतो-आकसतो व चकतीला बाक आणतो. आणि चुकलेली पट्टी सोलून काढू पाहिल्यास तिच्यासमवेत वार्निश व परावर्तक थरही निघून येतो. डीव्हीडीमध्ये ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये लेखन असल्याने वरून होणाऱ्या ओरखड्यांचे भय कमी असते; तोल व बाक यांबाबत मात्र ती अधिकच हळवी आहे.

१९०० ची कागदी चकती निर्धोक असताना शतकाअखेरची कागदी चिकटपट्टी घातक का ठरावी, याचे उत्तर या तुलनेत मिळते. पहिली चकती ध्वनिहीन जागेत होती आणि तबकडीशी एकजीव झालेली होती. दुसरी ध्वनीच्या माथ्यावर होती आणि बाहेरून चिकटविलेली होती. रूप तेच राहिले, संबंध पालटला.

६

छपाईच्या पद्धतींकडे या दृष्टीने पाहिल्यास त्यांची क्रमवारी लावता येते. शाईफवारा पद्धतीसाठी कारखान्यातच वार्निशवर शाई शोषणारा पांढरा वा चंदेरी थर दिलेल्या चकत्या मिळतात. शाई त्या थरात राहते आणि तो थर अंगचे संरक्षणही पुरवितो. शाई पूर्ण वाळण्यापूर्वी चकती यंत्रात घालणे अथवा दुसऱ्या चकतीवर ठेवणे तेवढे टाळावे लागते. उष्णतेने फितीवरील रंग उतरविणाऱ्या पद्धतीत छापणारा भाग पृष्ठभागास टेकतो, म्हणून तीसाठीही योग्य लेपाची चकती लागते. २००४ मध्ये जाहीर झालेल्या लाइटस्क्राइब पद्धतीत चकती उलटी ठेवून लेसरनेच वरच्या लेपावर एकरंगी नाव उमटविले जाई. शाई नाही आणि कागदही नाही, अशी ती कल्पना होती, परंतु ती फार काळ टिकली नाही.

तथापि, प्रती काढण्यासाठी कारखान्याकडे जाणाऱ्या मूळ चकतीला सुशोभित छपाईची गरजच नसते. तिचे सर्वांत सुरक्षित स्थान म्हणजे मधल्या छिद्राभोवतीचे पारदर्शक कडे. तेथे रंगद्रव्य नाही, परावर्तक थर नाही आणि लेखनही नाही. मऊ टोकाच्या, पाण्यावर आधारित शाईच्या लेखणीने तेथे एक क्रमांक लिहिला की काम भागते. कारखान्यात निघालेल्या सीडींवरही मॅट्रिक्स क्रमांक याच परिसरात असतो, आणि १९९४ पासून निर्मितिस्थान दर्शविणारी सांकेतिक खूणही तेथेच आली. मेणाच्या तबकडीवरील कोरा पट्टा हा याप्रमाणे ऐंशी-नव्वद वर्षांनी नव्या द्रव्यात पुन्हा अवतरलेला दिसतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेसाठी फ्रेड बायर्स याने २००३ मध्ये सिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत याच आशयाच्या सूचना आहेत. नाव घातल्यानंतर चकती तपासून पाहणे हे शहाणपणाचे ठरते. सीडीच्या मानकाप्रमाणे दोषयुक्त खंडांची संख्या सेकंदाला सरासरी २२० च्या आत असावी लागते. नामांकनापूर्वी व नंतर हा आकडा मोजल्यास इजा झाली की नाही हे कळते. कानाला मात्र ते कळत नाही, कारण दोषसुधारणेची योजना बराच काळ दोष झाकून ठेवते आणि ती अपुरी पडली की ध्वनी एकाएकी तुटतो. लाखेच्या तबकडीवरील ओरखडा खरखरीने स्वतःची वर्दी देत असे. सीडी-आर अखेरपर्यंत मौन पाळते.

७

या इतिहासाचा निष्कर्ष असा की, सुरक्षित नाव हे एक तर वस्तूच्या जन्मासमवेत येते, नाही तर ध्वनिहीन जागेत वसते. आणि कोणत्याही परिस्थितीत ते संक्षिप्त असते. विस्तार नोंदवहीत करावयाचा असतो. विद्यापीठांच्या भाषाविभागांत १९९० नंतरच्या क्षेत्रीय मुद्रणांच्या सीडी-आर पडून असतील, तर प्रथम त्यांतील मजकुराच्या प्रती काढणे, चिकटपट्ट्या न सोलणे, त्यांवरील हस्ताक्षर जसेच्या तसे नोंदवून घेणे आणि प्रत्येकीच्या मधल्या कड्यावर क्रमांक घालणे, हा क्रम त्यातून निघतो. हे काम मुद्रण करणारी माणसे हयात असतानाच होणे इष्ट, कारण अर्धवट पुसलेल्या गावाचे नाव पूर्ण करणारा जाणकार एकदा गेला म्हणजे चकती निर्दोष वाजूनही बोली अनामिकच राहील.

आता मुद्रणे चकतीवरून संगणकीय धारिकांत गेली आहेत. तेथे शाई नाही, गोंद नाही आणि तोल बिघडण्याचे भयही नाही. पण नाव व ध्वनी विलग होण्याचे जुने संकट एका चुकीच्या आज्ञेसरशी शेकडो धारिकांवर एकाच वेळी ओढवू शकते. अशा वेळी मुद्रणाच्या आरंभी बोलणाऱ्याने स्वमुखाने आपले नाव, गाव आणि दिनांक सांगावा, हा सर्वांत जुना उपाय क्षेत्रीय भाषाभ्यासकाने आजही सोडू नये. तो ध्वनीत मिसळतो, त्याला इजा करीत नाही आणि त्याच्यासमवेतच प्रवास करतो.