स्वप्नातला दूरचित्रवाणी संच : भविष्याला निष्फळ, इतिहासाला मोलाचा

१/
‘स्वप्नात टीव्ही दिसला तर काय होते?’ स्वप्नफलांच्या आजच्या याद्यांत या प्रश्नाला हमखास उत्तर मिळते. बंद संच अमुक सुचवतो, फुटलेला तमुक सुचवतो, आणि शेवटी ‘असे प्राचीन स्वप्नशास्त्र सांगते’ अशी मोहोरही उमटवलेली असते. प्राचीन शास्त्रात हत्ती आहे, घोडा आहे, गाढव आहे, तेल आहे, दही आहे. दूरचित्रवाणी संच तिथे असणे शक्यच नाही. तरीही त्या शास्त्राला हा प्रश्न विचारून पाहिला, तर ते काय म्हणेल? त्याचे उत्तर या याद्यांपेक्षा बरेच प्रामाणिक आहे. आजचा धागा त्या उत्तराविषयी आणि त्यातून इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती काय लागते याविषयी.

२/
प्रारंभ चरकसंहितेपासून करू. तिच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, मनाने रचलेले, पुढे घडणाऱ्याची सूचना देणारे आणि वातादी दोषांतून उद्भवणारे. यांपैकी पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ समजावेत, असा स्पष्ट निर्देश तिथे आहे. जे दिवसा डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले किंवा मनाने मागितले, तेच रात्री परतले असेल, तर त्यातून रोग्याचे भवितव्य वाचू नये.

३/
तिकडे भूमध्य समुद्राच्या परिसरात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस नावाच्या ग्रंथकाराने स्वप्नार्थावर पाच भागांचा ग्रंथ लिहिला. त्यानेही पहिली चाळणी हीच लावली. भुकेल्याला अन्न दिसते, प्रेमिकाला प्रिय व्यक्ती दिसते, भित्र्याला भीतीचे कारण दिसते. अशी स्वप्ने फक्त आजची अवस्था सांगतात, उद्याची नाही. उरलेल्या स्वप्नांबाबतही त्याची अट होती की स्वप्न पाहणारा कोण, त्याचा व्यवसाय कोणता, तो गुलाम की स्वतंत्र, श्रीमंत की दरिद्री, हे जाणल्यावाचून अर्थ सांगू नये.

४/
तेव्हा निकाल सरळ आहे. दिवसाचे तीन तास ज्या पडद्यासमोर जातात, तो पडदा स्वप्नात आला तर ते ‘दृष्ट’ स्वप्न. शास्त्राच्या मते निष्फळ. भविष्यवेत्त्याचे काम इथे संपते.

इतिहासकाराचे मात्र इथूनच सुरू होते. स्वप्नात पाहिलेलेच परत येत असेल, तर स्वप्न हे त्या काळाने काय पाहिले, काय ऐकले, कशाची भीती बाळगली याचे टिपण ठरते. भविष्यवेत्त्याने जे चाळून टाकले, ते आपण उचलायचे.

५/
आपल्याच मातीतले एक उदाहरण घ्या. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई. त्यांचे आत्मचरित्रपर अभंग उपलब्ध आहेत. कोल्हापुरात असताना जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले. तुकोबांना त्यांनी पाहिले नव्हते, पण भेटीची तळमळ लागली. आणि तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला. प्रत्यक्ष देहूला त्या नंतर गेल्या.

६/
बहिणाबाईंसाठी ती दीक्षा होती. तिच्या सत्यासत्यतेचा निवाडा करणे हे आपले काम नाही. पण चरकाचे शब्द उसने घेऊन पाहा : आधी ‘श्रुत’, मग ‘प्रार्थित’. छापखाना नाही, चित्र नाही, आकाशवाणी नाही अशा काळात दूरवरच्या माणसाला एका स्त्रीच्या अंतःकरणापर्यंत कोणी पोहोचवले? कीर्तनाने. ते त्या काळाचे प्रसारमाध्यम होते, आणि त्याची पोहोच किती खोल होती याचा पुरावा एका स्वप्नात शिल्लक आहे. फडांच्या नोंदी किंवा मठांचे हिशेब हे सांगू शकले नसते.

७/
आता रंगांकडे वळू, कारण पुढची सगळी गोष्ट रंगांची आहे.

वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात त्रिजटा आपले स्वप्न सांगते. त्यात राम शुभ्र माळा व शुभ्र वस्त्रांत हस्तिदंती पालखीत दिसतो. रावण तांबड्या वस्त्रांत, तेलाने माखलेला, गाढवांच्या वाहनातून दक्षिणेकडे जाताना दिसतो. रंग काढून घेतले तर त्या स्वप्नाचा अर्थच लागत नाही. नंतरच्या स्वप्नाध्यायांतही नियम रंगांचेच : पांढरे ते बहुधा शुभ, पण कापूस, भस्म, हाडे, ताक वगळून. काळे ते बहुधा अशुभ, पण गाय, हत्ती, घोडा वगळून. स्वप्न रंगीत असते का, हा प्रश्न यांतल्या कुणालाही पडलेला दिसत नाही.

८/
तो पडला विसाव्या शतकात. १९४२ साली अमेरिकेतील एका मानसशास्त्रीय पाहणीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले गेले की तुम्हाला स्वप्नात रंग दिसतात का? सुमारे ७१ टक्के विद्यार्थ्यांनी ‘क्वचित’ किंवा ‘कधीच नाही’ असे उत्तर दिले. त्या सुमारास आणि पुढे १९५० च्या दशकातही अनेक अभ्यासक असेच मानत की स्वप्ने मूलतः कृष्णधवल असतात आणि रंगीत स्वप्न हा अपवाद. त्रिजटेने हे ऐकले असते तर तिला नवल वाटले असते.

९/
पुढे एरिक श्विट्झगेबल या अमेरिकी तत्त्वज्ञाने जुना प्रश्न आपल्या काळातील विद्यार्थ्यांना पुन्हा विचारला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत ‘क्वचित किंवा कधीच नाही’ म्हणणारे उरले होते सुमारे १८ टक्के. साठ वर्षांत माणसाचा मेंदू बदललेला नव्हता. बदलला होता तो पडदा. १९४२ चा विद्यार्थी कृष्णधवल चित्रपट, कृष्णधवल छायाचित्रे, कृष्णधवल वृत्तपत्रे यांत वाढला होता. २००३ चा विद्यार्थी रंगीत दूरचित्रवाणीसमोर.

१०/
२००८ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या एव्हा मुर्झिन यांनी हाच धागा वयोगटांतून तपासला. पंचविशीच्या आतल्यांनी कृष्णधवल म्हणून सांगितलेली स्वप्ने पाच टक्क्यांहूनही कमी होती. पंचावन्नच्या पुढच्या, आणि बालपणी केवळ कृष्णधवल माध्यमेच पाहिलेल्या लोकांत हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. त्याच वयाच्या, पण लहानपणी रंगीत माध्यमे पाहिलेल्यांत ते सुमारे ७ टक्क्यांवर थांबले. पाहणी लहान होती, साठच माणसांची. तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे, कारण तो केवळ वयाने नीट उलगडत नाही.

११/
मग दूरचित्रवाणीने स्वप्नांचे रंग पुसले आणि पुन्हा भरले, असे म्हणायचे का? इथे थांबायला हवे. श्विट्झगेबलची खरी शंका अधिक खोल आहे. कदाचित स्वप्ने बदललीच नसतील. बदलली असेल ती स्वप्नाविषयीची साक्ष.

जागे झाल्यावर स्वप्न निसटत जाते. उरलेले दोनचार तुकडे सांगताना आपण त्यांना कोणत्या तरी ओळखीच्या वस्तूची उपमा देतो. ज्याच्या मनात स्वप्न म्हणजे ‘चित्रपटासारखे काहीतरी’ असते, आणि ज्याचा चित्रपट कृष्णधवल असतो, तो स्वप्नालाही कृष्णधवल म्हणून मोकळा होतो. स्वप्नाला कादंबरीची उपमा देणाऱ्याला हा प्रश्नच सुचणार नाही. कादंबरी रंगीत की कृष्णधवल, असे कुणी विचारते का?

१२/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी या शंकेचे मोल फार मोठे आहे. साक्षीदार खोटे बोलत नाही, तरीही त्याच्या सांगण्याला त्याच्या काळाचा साचा असतो. बखरकार स्वप्नातला देवीचा दृष्टांत सांगतो तेव्हा, प्रवासी परमुलखाचे वर्णन करतो तेव्हा, लढाईतून परतलेला शिपाई आठवणी सांगतो तेव्हा, प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न उभा राहतो : हे त्याने पाहिले, की पाहिलेले सांगण्याची रीत त्याला आयती मिळाली? स्वप्न हे त्या प्रश्नाचे सर्वांत कठीण रूप, कारण तिथे दुसरा साक्षीदार असूच शकत नाही.

१३/
साक्ष अशी डळमळीत असताना स्वप्ने गोळा करण्यात अर्थ काय? याचे उत्तर एका स्त्रीने जीव धोक्यात घालून दिले आहे.

शार्लोट बेराट ही बर्लिनमधील ज्यू पत्रकार. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि तिने ओळखीच्यांना, शेजाऱ्यांना, भेटेल त्याला त्यांची स्वप्ने विचारायला सुरुवात केली. १९३९ मध्ये देश सोडेपर्यंत तिच्याकडे तीनशेहून अधिक लोकांची स्वप्ने जमली होती. टिपणे सांकेतिक भाषेत होती : हिटलर म्हणजे ‘हान्स काका’, अटक म्हणजे ‘फ्लू’. ती पुस्तकांच्या बांधणीत लपवली गेली आणि पत्रांतून परदेशी धाडली गेली. ग्रंथरूपाने ती प्रसिद्ध झाली १९६६ साली.

१४/
त्यातली दोन स्वप्ने पाहा.

एका गृहिणीच्या स्वप्नात घरातली शेगडी बोलू लागते. समोर नाझी दलाचा माणूस उभा आहे, आणि कुटुंबाने सरकारविरुद्ध केलेला प्रत्येक विनोद, प्रत्येक तक्रार ती शेगडी कर्कश आवाजात त्याला ऐकवते आहे.

दुसरे स्वप्न एका डॉक्टरचे, १९३४ मधले. दिवसभराचे रुग्ण तपासून तो निवांत पुस्तक वाचत पडला आहे. एकाएकी खोलीच्या भिंती नाहीशा होतात. पाहतो तो साऱ्या शहरात एकाही घराला भिंत नाही. आणि ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते की भिंती रद्द करण्याचा हुकूम निघाला आहे.

१५/
आता शेजारी इतिहासातली एक वस्तू ठेवा. ऑगस्ट १९३३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ‘फोल्क्सएम्फेंगर’ म्हणजे ‘लोकांचा रेडिओ’ मांडला गेला. किंमत ७६ मार्क, सामान्यांना परवडेल अशी. त्याच्या नमुन्याचा क्रमांक होता ३०१, ज्या ३० जानेवारीला हिटलर सत्तेवर आला त्या तारखेची आठवण म्हणून. या पेटीने सत्तेचा आवाज माजघरात आणून बसवला. ती पेटी ऐकू शकत नव्हती, फक्त बोलत होती. पण घरातली वस्तू बोलू शकते, तर ती ऐकतही असेल, ही धास्ती त्या गृहिणीच्या शेगडीत उतरलेली दिसते. हा दुवा माझा तर्क आहे. रेडिओमुळेच ते स्वप्न पडले, असे सिद्ध करता येणार नाही.

१६/
सिद्ध होते ते एवढेच, आणि ते थोडके नाही : १९३४ साली एका सुशिक्षित, शांत माणसाला स्वतःच्या घराला भिंती उरल्या नाहीत असे झोपेत वाटले. पोलिसांच्या दप्तरात अटकेची नोंद सापडते, राजपत्रात कायद्याची नोंद सापडते. ज्याला अजून अटक झालेली नाही, ज्याने काहीही केलेले नाही, अशा माणसाच्या आत काय चालले होते याची नोंद कुठल्याही दप्तरात नसते. बेराटने ती वाचवली.

१७/
आता महाराष्ट्रात येऊ. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. राष्ट्रीय पातळीवर रंगीत प्रक्षेपण आले १९८२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आणि त्यानंतर आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने. म्हणजे मुंबईच्या मुलांची एक पिढी जवळजवळ दहा वर्षे ‘गजरा’ आणि ‘छायागीत’ कृष्णधवल पडद्यावर पाहत होती, पुष्कळदा शेजाऱ्यांच्या घरी, सतरंजीवर दाटीवाटीने बसून.

१८/
पण डंडीचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा चिकटवू नका. आपल्याकडे दूरचित्रवाणी येण्याच्या आधीच चित्रपटगृहात रंग आले होते. ‘मदर इंडिया’ १९५७ चा. १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये तर एकाच तिकिटात कृष्णधवलही होते आणि रंगही. जिथे वीजच पोहोचली नव्हती, तिथल्या मुलाचा पहिला ‘पडदा’ जत्रेतला तंबूतला सिनेमा असेल, किंवा रंगीत दिनदर्शिकेवरचा देव. आपल्या स्वप्नांचा इतिहास त्यामुळे अधिक गुंतागुंतीचा असणार. तो लिहायचा तर साक्षी इथल्याच हव्यात.

१९/
आणि त्या साक्षी आज तुमच्या घरात आहेत. १९७२ साली सात वर्षांचे असलेले मूल आज साठी ओलांडून गेले आहे. आई, बाबा, आत्या, मामा, आजी, आजोबा यांना विचारा. पण विचारताना थोडे पथ्य पाळा.

‘तुमची स्वप्ने कृष्णधवल होती का?’ असे विचारू नका. प्रश्नातच उत्तर भरले जाते. आधी एखादे जुने स्वप्न त्यांच्या शब्दांत सांगू द्या. मग घरी पहिला संच कधी आला, त्याआधी काय पाहिले, कोणाकडे पाहिले, हे विचारा. रंगांचा प्रश्न सर्वांत शेवटी. ‘आठवत नाही’ हेही उत्तर तसेच लिहून ठेवा. तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे वय टिपायला विसरू नका. आणि सांगणाऱ्याची परवानगी असल्याशिवाय ते कुठेही मांडू नका. स्वप्न ही माणसाची फार खासगी ठेव असते.

२०/
तर, स्वप्नात टीव्ही दिसला तर काय होते?

चरकाच्या हिशेबाने, काहीही होत नाही. निश्चिंत झोपा. फक्त सकाळी उठल्यावर ते स्वप्न दिनांकासह वहीत उतरवा. पडद्यावर काय चालले होते, खोलीत आणखी कोण होते, आवाज कोणाचा होता, तुम्हाला कसली भीती वाटली. पन्नास वर्षांनी कुणीतरी आपल्या काळाचा शोध घेत येईल. आपण दिवसभर कोणते पडदे पाहत होतो हे त्याला कंपन्यांच्या हिशेबांतून कळेल. त्या पडद्यांनी आपल्या आत काय ठेवले, हे मात्र त्याला तुमच्या वहीतच वाचावे लागेल.