पाटी, शेगडी आणि जिना

गेल्या शनिवारी पेरूगेटपाशी काम होतं, म्हणून सहज आमच्या जुन्या खोलीवर चक्कर मारली. इंजिनिअरिंगची शेवटची दोन वर्षं तिथे कॉट बेसिसवर काढली आहेत. दारावरची पाटी अजून तीच - "हीटर, इंडक्शन, इस्त्री आढळल्यास जप्त केली जाईल." (परत मिळेल असं कुठेही म्हटलेलं नाही. सदाशिव पेठ आहे मंडळी!) हसून झालं आणि मग जिन्याकडे लक्ष गेलं...

पुण्याला आग नवी नाही. १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाडा जळाला. उरलं ते जोतं, तट आणि दरवाजे. पण विद्यार्थ्यांच्या जास्त जवळचा म्हणजे बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यात १८२१ साली इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली, पुढे तिथे सरकारी हायस्कूल भरायचं. १८७९ च्या मे महिन्यात एकाच रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. बुधवारवाडा गेलाच, विश्रामबागेचा काही भाग जळाला. संशय आधी वासुदेव बळवंत फडक्यांवर, कारण त्यांचं बंडही त्याच वर्षीचं. आग कोणी लावली यावर आपण भरपूर बोलतो. वाडा इतका पटकन का पेटतो, यावर फारसं नाही.

खांब सागवानी, तुळया सागवानी, वरच्या मजल्याची जमीनसुद्धा फळ्यांचीच. आणि जिना भिंतीच्या जाडीत, अंधारा, एका वेळी एकच माणूस चढेल एवढा, वरून बंद करता येईल असा. चोर-लुटारू वर येऊ नयेत म्हणून केलेली ही व्यवस्था. वरच्या माणसाला घाईने खाली यायचं असेल, हा विचार त्यात नाहीच.

अशाच वाड्यांच्या माळ्यांवर गरीब विद्यार्थी राहायचे. वार लावून जेवायचे, कुणी माधुकरी मागायचे. म्हणजे खोलीत चूल नाही, पेटतं काय ते वाचायच्या दिव्यापुरतं. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं (आजचं पुणे विद्यार्थी गृह), पण पेठेत येणारी सगळी मुलं वसतिगृहात थोडीच मावणार? मग खोल्यांत रॉकेलचा स्टोव्ह आला, मग कॉईलची शेगडी, आणि आमच्या वेळी इंडक्शन व एका एक्स्टेन्शन बोर्डावर सहा चार्जर. पाट्यांवरची नावं तेवढी बदलत गेली. काय पेटवायचं नाही हे प्रत्येक पाटीवर आहे. पेटलंच तर बाहेर कसं पडायचं, हे मी एकाही पाटीवर वाचलेलं नाही.

कायदा मात्र नेमकं तेच विचारतो. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा, लागू झाला डिसेंबर २००८ मध्ये. त्यात जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं. गोची अशी की आमचा वाडा पाडून झालेली इमारत कागदावर कुटुंबांची घरं होती, आत अकरा कॉटचं वसतिगृह. आणि वाडा गेला तरी जिना तसाच अरुंद! २०१९ साली सुरतेच्या तक्षशिला आर्केडमध्ये क्लासची २२ मुलं गेली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हा जिना. तिथेही वर जायचा जिना लाकडी होता आणि तोच जळाला.

आठवायला कारण होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री आमचा बोर्ड जळाला होता. ज्वाळा नव्हत्या, नुसता काळा धूर. वर धावलो तर गच्चीला कुलूप. खाली यावं तर जिन्यात सायकली, गॅसची टाकी आणि कुणाचीतरी गादी. मीटरचं बटण एकाने चाचपडत बंद केलं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी बोर्ड जप्त केला. असो.

परवा तिथल्या मुलाला विचारलं, गच्चीची किल्ली कुठे असते रे?

"काकांकडे," तो म्हणाला. "काका गावाला गेलेत. गुरुवारी येतील."