भुईमूग शेंगांतील भुंगेरा
साठवलेल्या, न फोडलेल्या भुईमूग शेंगांची प्रमुख कीड. शास्त्रीय नाव कॅरिडॉन सेराटस. तांबूस-तपकिरी रंग, अंगावर काळे ठिपके आणि मागील पायांच्या जाड मांड्या ही प्रौढाची खूण. मादी टरफलावर अंडी चिकटवते. अळी अंड्यातूनच थेट टरफल पोखरून दाण्यात शिरते, त्यामुळे वरून शेंग धडधाकट दिसते. पूर्ण वाढलेली अळी बहुधा बाहेर येऊन कागदी कोष विणते. शेंगांवर किंवा पोत्यावर कोष दिसले, तर नुकसान आधीच झालेले असते. चिंच हा या किडीचा जुना आश्रय असल्याने चिंचेखाली शेंगा वाळवणे किंवा साठवणे टाळावे. फोडलेल्या दाण्यांवर मात्र तांबडा भुंगेरा व तांदळावरील पतंग अधिक आढळतात.

या किडीवर वनस्पतिजन्य उपायही करता येतात. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य अळीची वाढ व कात टाकणे रोखते. निंबोळी वा करंज तेल अंड्यांनाही मारक ठरते. वेखंडातील बीटा-असारोनमुळे किडीची प्रजननक्षमता घटते. मात्र हे द्रव्य माणसालाही अपायकारक असल्याने वेखंड भुकटी फक्त बियाण्यालाच लावावी. शेंगेत आधीच शिरलेल्या अळीवर वरून लावलेल्या या उपायांचा प्रभाव कमी पडतो, म्हणून शेंगा नीट वाळवून साठवतानाच उपचार करावेत.