कापूसतळणीचं स्टेशन

आज कर्जाचा हप्ता नाही की बचतीचा हिशेब नाही. आज बोलू आपल्या शकुंतलेबद्दल, म्हणजे अचलपूर ते मूर्तिजापूर धावणाऱ्या छोट्या गाडीबद्दल. अंजनगाव आणि दर्यापूरच्या मधात तिचं एक स्टेशन होतं, कापूसतळणी. गावाच्या नावातच कापूस, अन् हे रूळही आले ते कापसासाठीच.

माणसांची सोय व्हावी म्हणून ही गाडी आली, असं कोणी सांगितलं तर मानू नका. शंभर वर्षांपूर्वी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं वऱ्हाडात हे रूळ टाकले. रुळांची रुंदी फक्त अडीच फूट. मूर्तिजापूरला मोठी लाइन लागायची. तिथं कापसाच्या गाठी एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवायच्या, मग मुंबई, मग जहाजानं इंग्लंड. शकुंतलेचं वाफेचं इंजिन तिकडचंच, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. १५ एप्रिल १९९४ ला ते थांबलं अन् डिझेलचं आलं.

इंजिनाची तारीखवार नोंद आहे, बघा. पण कंबरेला ओटी बांधून, बोंडाच्या टोकानं बोटं सोलून घेत तो कापूस वेचला कोणी? आपल्या आज्या-पणज्यांनी. त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही.

पुढं कापूस ट्रकनं जाऊ लागला, गाडीला उरलो आपण. स्वातंत्र्यानंतरही मालकी कंपनीचीच राहिली, गाडी मात्र मध्य रेल्वे चालवायची. शेवटी शेवटी लहान स्टेशनांवर कर्मचारीच नव्हते. गार्डच तिकिटं फाडायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पार झाली की उघडायचा. हळू होती, पण तिकीट स्वस्त. टोपली घेऊन बाजारला जाणारीला आणखी काय पाहिजे?

आता गाडी बंद आहे. ब्रॉडगेजची मागणी होते आहे, ती व्हावीच. पण मोठी गाडी लहान गावाला थांबेल का, हे आत्ताच विचारायला हवं. रूळ पडल्यावर विचारून उपयोग नाही.

या वाटेवरच्या गटांनी पुढच्या बैठकीत एक करा. साठीच्या वरच्या बायांना विचारा, गाडीत काय घेऊन चढायच्या, कुठं उतरायच्या. तारीख टाकून इतिवृत्तात लिहा अन् आमच्याकडे पाठवा. पुढच्या वेळी इथूनच वाचून दाखवू.